पाठीतल्या पाण्याची सीबीनॅट: आधी विचारा, एमएल किती?

मेंदूच्या टीबीचा संशय आला की मुंबईत पाठीतल्या पाण्याची (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची) सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी मशीनवरची तपासणी, लिहून देतात. वॉर्डातली एलपी (पाठीत सुई घालून हे पाणी काढणं) आणि लॅबमधलं मशीन, दोन्हीकडचं काम मी करत आलोय. निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की मी आधी एकच गोष्ट बघतो: पाणी किती आलं होतं?

या आजारात पाण्यात जंतू फार थोडे असतात. सीबीनॅट मशीनमध्ये घालायच्या जुन्या एक्सपर्ट कार्ट्रिजला एका एमएलमागे शंभरावर जंतू लागायचे. नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला १६ च्या आसपास पुरतात, कारण जंतूच्या जनुकसंचात अनेकदा येणारे आयएस ६११० आणि आयएस १०८१ हे दोन तुकडे ते शोधतं. दोन का? दक्षिण भारतातल्या काही जंतूंमध्ये आयएस ६११० नसतोच.

तरीही एक एमएल पाण्यात नशिबावर हवाला. निदान ६, शक्यतो ८ ते १० एमएल हवं. आकडा ऐकून नातेवाईक धास्तावतात. पण मोठ्या माणसात हे पाणी दीडशे एमएलच्या आसपास असतं आणि तासाला वीसेक एमएल नवं तयार होतं, म्हणजे अर्ध्या तासात भरपाई. मज्जारज्जू सुईच्या जागेच्या वरच संपतो, त्यामुळे पाय लुळे पडण्याची भीती नको. मेंदूवर दाब वाढल्याची लक्षणं असतील तर मात्र आधी सीटी.

पाणी ५ एमएलहून जास्त असेल तर सगळं शंकूच्या ट्यूबमध्ये ३००० जीवर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. जी म्हणजे गुरुत्वाच्या किती पट जोर; आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, नव्हे. इथेच घोळ होतो, गाळ नीट बसत नाही. वरचं पाणी अलगद ओतायचं. तळाचा गाळ बहुधा दिसतही नाही, आणि हात हलला तर नेमके जंतूच बेसिनमध्ये जातात. मग गाळात सॅम्पल रिएजंट (तपासणीसोबत येणारं द्रावण) घालून एकूण २ एमएल करायचं. पाणी रक्ताळलेलं किंवा पिवळट असेल तर फिरवणं चुकवू नका, नाहीतर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

रात्रीच्या एलपीनंतर सगळ्या ट्यूब फ्रिजमध्ये ढकलतात. सीबीनॅटच्या ट्यूबला ते चालतं. साध्या कल्चरच्या ट्यूबला नाही, थंडीने मेनिंगोकॉकस (मेंदूज्वराचा एक जंतू) मरतो.

महागडं मेनिंजायटिस पॅनल (मेंदूज्वराचे अनेक जंतू एकदम शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही, असं धरू नका. १४ जंतू-विषाणूंच्या नेहमीच्या पॅनलमध्ये टीबी नसतोच.

अल्ट्रावर ‘ट्रेस’, म्हणजे जंतूचा अगदी पुसटसा माग, आलं तर पाठीतल्या पाण्यात ते पॉझिटिव्हच धरायचं. फक्त रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, ते त्यातून कळत नाही. म्हणून एमजीआयटी कल्चर (ट्यूबमध्ये टीबीचे जंतू वाढवून बघणं) त्याच दिवशी लावायला सांगा. त्याला ४२ दिवसही लागतात. त्या रिपोर्टसाठी औषधं रोखून धरायची नसतात.