मान सुजलेली, पडदा हाताला लागेना

दाढेचा पू जिभेखाली उतरून लुडविग्ज अँजायना झालेला रुग्ण. मान लाकडासारखी कडक, तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं, आडवं झोपवणं अशक्य. बसवूनच, जागेपणी नाकातून स्कोपने (कॅमेऱ्याच्या लवचिक नळीने) श्वासाची ट्यूब टाकायचं ठरवलं. ईएनटी सर्जन स्क्रब करून तयार होते, गळ्यातून छेद घेऊन ट्यूब टाकायचा सेट उघडलेला होता.

स्कोप आत गेला, रक्त आलं आणि श्वास अडला. मास्कने छाती हलेना. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 70 टक्क्यांच्या खाली गेलं. मी मोठ्याने सांगितलं, "ऑक्सिजन जात नाहीये, गळ्यातून जातोय." हे वाक्य कुणीतरी उच्चारावंच लागतं, नाहीतर प्रत्येक जण 'अजून एकदा बघू' म्हणत राहतो आणि मिनिटं त्यातच जातात. स्नायू सैल करणाऱ्या रोक्युरोनियमचा पूर्ण डोस दिला, कारण रुग्ण खोकला किंवा हलला तर ब्लेडची जागा चुकते. वरून मास्कने ऑक्सिजन चालूच ठेवला.

ट्यूब टाकायची ती स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधल्या पडद्यातून. बारीक मानेत हा पडदा बोटाला लागतो, आडवा एक छेद पुरतो. इथे काहीच लागत नव्हतं. म्हणून सर्जननी मध्यरेषेवर 8 सेंटिमीटरचा उभा छेद घेतला आणि बोटांनी थर बाजूला केले. रक्त भरपूर होतं. सक्शन, कॉटरी (रक्तवाहिन्या जाळून बंद करणं) यात ते अडकले नाहीत; या कामात डोळ्यापेक्षा बोट खरं. क्रिकॉइडची, म्हणजे स्वरयंत्राच्या खालच्या कूर्चेची, कडी सापडली, तिच्या वरचा खळगाही; पडदा तोच. डाव्या हाताने स्वरयंत्र घट्ट धरलं ते ट्यूब आत जाईपर्यंत सोडलं नाही. हात सुटला की भोक हरवतं.

10 नंबरचं ब्लेड आडवं आत, मग 90 अंश फिरवून धार पायांकडे. ब्लेड न काढता त्याच्या कडेने बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी) 10 ते 15 सेंटिमीटर सरकवली. बूजी सहज जात नसेल तर ती बहुधा श्वासनलिकेत न जाता तिच्या बाहेर, पुढच्या मऊ भागात शिरलेली असते. तिथून हवा दिली तर मान फुगते आणि पुढचा प्रयत्नही हातचा जातो. 6 नंबरची कफवाली (टोकाजवळ फुगणारी पिशवी असलेली) ट्यूब जेली लावून, फिरवत बूजीवरून उतरवली. कफ दिसेनासा झाला तिथेच थांबलो. आणखी ढकलली तर ती उजव्या फुप्फुसात जाते.

श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर लाट आली, म्हणजे ट्यूब श्वासनलिकेत होती, पण सॅच्युरेशन अजून खालीच होतं. बोटावरचा आकडा उशिरा चढतो. तेवढ्यावरून घाबरून चांगली ट्यूब उपसू नये.

पू काढल्यावर त्याच वेळी खाली रीतसर ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासनलिकेतच भोक पाडून ट्यूब) केली. आयसीयूत पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत पाटी लावली: वरून (तोंडातून-नाकातून) इंट्युबेशन होत नाही.