डिझर्व्हभोवतीचं लाल वर्तुळ

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आला आणि मला सगळ्यात आधी आठवल्या नववीच्या इंग्लिशच्या बाई, आणि त्यांच्यासोबत एक शब्द, डिझर्व्ह.

निबंधात मी लिहिलं होतं 'ही इज डिझर्व्हिंग द प्राइज'. मराठीत 'तो लायक आहे' म्हणतो ना, त्या 'आहे'साठी मी इज टाकलं. बाईंनी लाल वर्तुळ केलं आणि टेबलापाशी बोलावून समजावलं की डिझर्व्ह हे काही चालू असलेलं काम नाही, ती स्थिती आहे, नो किंवा बिलाँगसारखी, म्हणून नुसतं 'ही डिझर्व्हज'. पुढे ऑफ आलं तर मात्र इज डिझर्व्हिंग चालतं.

मग शब्दाचं मूळ सांगितलं. लॅटिनमधलं देसर्वीरे, म्हणजे मनापासून सेवा करणं, आत सर्व्ह बसलेलंच आहे. आधी तुम्ही काहीतरी करता आणि मग त्याचं फळ येतं, ते वाईटही असू शकतं. आपण बक्षिसास पात्र म्हणतो आणि शिक्षेसही पात्रच म्हणतो, अगदी तसंच.

एन्टायटल्ड, म्हणजे हक्कदार, मात्र वेगळं, तिथे नियम लागतो. तिकीट काढलं, सीट नंबर मिळाला की त्या सीटवर बसायला तुम्ही एन्टायटल्ड, पण समोर एखादे थकलेले आजोबा उभे असतील तर ती सीट डिझर्व्ह कोण करतं? बाईंनी विचारलं आणि उत्तर सांगितलंच नाही.

नोकरीत पहिला रजेचा अर्ज लिहिताना 'आय डिझर्व्ह' टाइप केलं आणि हात थांबला. रजा नियमातलीच होती, मेहनतीचं कौतुक नव्हतं मागायचं, म्हणून 'आय अॅम एन्टायटल्ड टू' केलं. पुढचं टू आणि कशाचा हक्क ते लगेच लिहायचं हं, कारण हल्ली नुसतं एन्टायटल्ड म्हटलं की सगळं आपल्यालाच मिळायला हवं असं धरून चालणारा माणूस असा अर्थ निघतो.

ती वही अजून आहे माझ्याकडे. निबंधाखाली बाईंनी लिहिलंय, 'धिस डिझर्व्हज रीरायटिंग'. डिझर्व्हनंतर असं आयएनजी आलं की अर्थ कर्मणी होतो, म्हणजे हा निबंध पुन्हा लिहिला जाण्याजोगा आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, मला वाटलं बाई रागावल्यात. पुढच्या पानावर तोच निबंध आहे, सुवाच्य अक्षरात, पुन्हा लिहिलेला.