दिसतात हो, पण का दिसतात?

"एकटी एवढ्या लांब बोर्निओला गेलीस, प्राणी तरी दिसले का?" ताडोब्याला जाऊन पंजाचे ठसे तेवढे बघून परतलेले लोक हा प्रश्न मला हमखास विचारतात. खरा प्रश्न असतो पैसे वसूल झाले का, हाच. तर हो, दिसले. किनाबातांगान नदीवर काहीच न दिसता परतणं अवघड आहे. पण तिथे इतके प्राणी का दिसतात हे न सांगता नुसतं 'हो' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाला मलेशियाचं साबा राज्य आहे. तिथली ही नदी, साधारण ५६० किलोमीटर लांब, पाणी पार गढूळ. सांडाकानपर्यंत विमान, पुढे गाडीने अडीचेक तास, की सुकाऊ गाव येतं. गावातले लोक स्वतःला ओरांग सुंगाई म्हणवतात, म्हणजे नदीची माणसं. काहींनी घरातच पाहुण्यांची सोय केली आहे. मी अशाच एका घरी उतरले होते. नावेच्या फेऱ्या दोन, एक पहाटे उजाडता उजाडता आणि दुसरी चारच्या सुमाराला. माझं मत विचाराल तर संध्याकाळची जास्त चांगली, आणि त्याचं कारण आहे लांबनाक्या माकड.

हे माकड बोर्निओ सोडून जगात दुसरीकडे कुठेच नाही. दिवसभर आत जंगलात पाला खातं आणि अंधार पडायच्या आत नदीकाठच्या झाडांवर झोपायला येतं. नावाड्याने इंजिन बंद केलं, नाव प्रवाहाबरोबर काठाला लागली आणि वर बघते तर एक दांडगा नर मांड्या फाकवून फांदीत बसलेला. पोट असं सुटलेलं की दुपारच्या पंगतीवरून उठलेले आमचे एक काका आठवले. नाक पार तोंडावर लोंबत होतं. पाल्याचा घास घेताना ते आडवं यायचं, मग हाताने बाजूला सारून पुन्हा चावणं सुरू. पोट सुटलेलं नसतं, तो आंबवणीचा कारखाना असतो. पाला पचवायचा तर पोटातल्या जिवाणूंनी तो आधी आंबवावा लागतो. त्यामुळे पिकलेलं गोड फळ याला चालत नाही. पोटात भलतंच फसफसून गॅस धरतो आणि ते जिवावरही बेतू शकतं. त्याच्या माद्या आणि पिल्लं खालच्या फांद्यांवर होती. एका पिल्लाने पलीकडच्या झाडावर उडी मारली, फांदी चुकली, आणि ते खालच्या झुडपात धपकन आदळून पुन्हा वर चढलं. बापाने ढुंकूनही पाहिलं नाही.

ओरांगउटान दिसला, पण लांबून, उंबराच्या जातीच्या एका फळलेल्या झाडावर. धनेश रोज दिसले. बोर्निओतल्या धनेशाच्या आठही जाती या नदीकाठी आहेत. मगरी तर आहेतच, त्यामुळे नदीत पोहायचं वगैरे डोक्यातून काढून टाका.

आता ते 'का'. सांडाकानहून येताना खिडकीतून बघत राहिलं की आपोआप कळतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेलताडाच्या, म्हणजे ज्यापासून पामतेल काढतात त्या झाडांच्या बागा, एका ओळीत लावलेल्या, संपता संपत नाहीत. पूर्वी हे सगळं जंगल होतं. आता उरलीय ती नदीकाठची पट्टी, आणि काही ठिकाणी ती इतकी अरुंद की नावेतून झाडांच्या मधून पलीकडचे ताड दिसतात. प्राणी काठावर गर्दी करतात कारण मागे सरकायला जागाच नाही. २००५ मध्ये इथे साधारण २६,००० हेक्टरचं अभयारण्य जाहीर झालं, पण तेही सलग नाही, दहा तुकड्यांत आहे. ओरांगउटान पोहत नाहीत आणि ओढ्यांवर एकमेकांना टेकणारी मोठी झाडं तुटून गेली, म्हणून माणसांनी दोर बांधून त्यांच्यासाठी पूल केलेत. बोर्निओचा हत्ती उरलाय हजाराच्या आसपास. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची धोक्यातली जात म्हणून नोंद झाली. गेंडा तर गेलाच. मलेशियातली शेवटची मादी २०१९ मध्ये साबातच मेली.

आणि हे पामतेल जगात सगळ्यात जास्त आयात करतो तो आपला देश. घरी येऊन मी फरसाणाच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली. पाकीट घरात येणं काही थांबलेलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू.

एकटीला भीती वाटली का, हे बायका हळूच विचारतात. नाही वाटली. नावा सामायिक असतात, त्यामुळे भाड्याचा भुर्दंड पडत नाही. खोलीचे मात्र बऱ्याच ठिकाणी दोघांचे पैसे मोजावे लागतात. एकटं असण्याचा फायदा असा की नावेतली पुढची एकुलती जागा आपल्यालाच मिळते. खरी अडचण जेवणाची. कांगकुंग नावाची छान पालेभाजी असते, पण तीही बेलाचानमध्ये, म्हणजे सुक्या कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्यात परतलेली. शाकाहारी मंडळींनी 'बेलाचान नको' हे आधीच सांगावं आणि मेतकूट बरोबर न्यावं. जळवांचं कौतुक पावसाळ्यात सह्याद्री चढलेल्यांना मी सांगायला नको.

रात्रीची फेरी मला आवडली नाही. फांदीवर पिसं फुलवून झोपलेला खंड्या हाताच्या अंतरावर दिसतो खरा, पण त्याच्या डोळ्यांवर सगळ्यांनी मिळून विजेऱ्या मारायच्या आणि फोटो काढायचे, हे काही मला झेपलं नाही. पुढच्या रात्री मी खोलीवरच राहिले.

हत्ती मला दिसले नाहीत. कळप वरच्या अंगाला गेलाय, असं नावाडी म्हणाला. त्यांची हमी कुणीच देत नाही, जो देईल त्याच्याकडे बुकिंग करू नका. जाणारच असाल तर निदान दोन रात्री ठेवा. नोव्हेंबर ते मार्च पाऊस जास्त, तेव्हा काठ पाण्याखाली जाऊ शकतो. आणि नावाड्याने इंजिन बंद केलं की कृपा करून घरी व्हिडिओ कॉल लावू नका. आमच्या नावेत एकाने लावला होता, आणि माकडांनी पाठ फिरवली.