चैत्रात कुत्रा, कॅम्पर व्हॅन आणि पसरणी घाट

वाईहून पसरणी घाट चढायचा तर निघण्याआधी तीन-चार तास कुत्र्याला खायला देऊ नका. भरल्या पोटी वळणांवर हमखास ओकतो. पाणी मात्र तोडू नका. १५ किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला पाऊण ते एक लिटर लागतं, चैत्रात दीडपट धरून कॅन भरा.

खरी भीती उभ्या व्हॅनची. काच चार बोटं उघडी ठेवली तरी पत्रा तापतोच, आणि कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम तळव्यांना. जीभ लालभडक, लाळ चिकट दिसली की सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला, लगेच डॉक्टर गाठा.

डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवत नसेल तर त्याला चालवू नका. रात्री कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड चाचपा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.