वहीतलं ते पान

सूड थोरल्या आजोबांनी, म्हणजे माझ्या आजोबांच्या मोठ्या भावानं, घेतला आणि जमीन कायद्यानं दिली. आमच्या घरात या दोन गोष्टी एकाच दमात सांगतात, जणू एक झाली नसती तर दुसरी झालीच नसती. आज दिवसभर मला हेच छळतंय, म्हणून लिहायला बसले.

खोतांचं, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांचं, घर आमच्या वर, भाताचे दोन कुणगे सोडून. देवगड तालुका, वाघोटन खाडीच्या अलीकडचं गाव. ते जातीनं वरचे, जमिनीनं वरचे, आणि घर चढावर असल्यामुळे पावसाचं पाणीसुद्धा त्यांच्या खळ्यातून आमच्या परड्यात उतरायचं. आम्ही त्यांची कुळं, त्यांची जमीन वाट्यानं कसणारे. भाताचं अर्धेल म्हणजे अर्धा वाटा, वरकस जमिनीतल्या नाचणीचं तिर्धेल म्हणजे तिसरा वाटा, शिवाय वेठ. पीक उभं असतानाच खोत बांधावरून फिरून अभावणी करायचा, म्हणजे अमुक शेतात अमुक खंडी पिकणार असा अंदाज बांधायचा. मग मळणीत कमी भरलं तरी त्या अंदाजाचं अर्धं मोजून न्यायचा. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी याच जाचापायी 1933 पासून सहा वर्षं संप केला. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्ष जायला मात्र मे 1950 उजाडला, आणि तेव्हाही खोताच्या खाजगी जमिनीवर आम्ही कुळं ती कुळंच राहिलो. आमच्या माणसांनी त्यांच्या ओटीवर बसायचं नाही. खळ्यात उभं राहायचं.

खोताला मोतीबिंदू झाला आणि हिशोबाची वही त्याच्या मुलीच्या हातात आली. आम्ही पुढे तिला आक्का म्हणायचो. त्या वेळी ती सतरा-अठराची असेल. थोरले आजोबा भात मोजायला, आंब्याच्या करंड्या विजयदुर्गच्या बंदरावर पोचवायला, नारळ उतरवायला त्या घरी जायचे. ते माप सांगायचे, ती लिहायची. त्यांचं प्रेम कसं सुरू झालं ते मला कुणी सांगितलेलं नाही, पण ती वही मी वाचली आहे. बापाच्या अभावणीचा आकडा तिनं खोडलेला आहे आणि शेजारी मळणीचं खरं माप लिहिलंय. साडेचार खंडी खोडून साडेतीन. अर्धेल पावणेदोन. असं एकदा नाही, पानोपानी. आमच्या घरातल्या चुलीवर दोन महिने जास्त भात शिजला तो या खाडाखोडीमुळे. खोताच्या पोरीनं कुळाच्या पोरासाठी याहून मोठं काय करायचं होतं?

आणि समासात बारीक अक्षरात, हिशोबाशी काही संबंध नसलेल्या ओळी. ‘आज आला नाही. ताप असेल.’ पुढच्या पानावर, ‘आला. वाळला आहे.’

एका सावकाराकडून वही वाचून घेताना खोताला खाडाखोड कळली. बाकीचं गावात कुणाकडूनही कळलं असतं. महिन्याभरात तिचं लग्न ठरलं, घाटावर, एका बिजवराशी. आमच्या घराची उडवी, कापलेल्या भाताची गंजी, रात्रीत जळून गेली. कुणी लावली हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. लग्नाच्या आधी तिनं ती वही थोरल्या आजोबांकडे पोचवली आणि निरोप दिला, यात तुमच्या भाताचा हिशोब आहे, सांभाळा, उपयोगी पडेल. पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या तसे थोरले आजोबा विजयदुर्गहून मुंबईला गेले. परळला गावकऱ्यांच्या खोलीत राहिले, गिरणीत लागले. वही पेटीत, कपड्यांच्या तळाशी.

मग कुळ कायदा. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं, आणि पुढे कलम 32-ग खाली जमिनीची किंमत ठरवायच्या सुनावण्या सुरू झाल्या. खोतानं तेच सांगितलं जे तेव्हा पुष्कळ खोतांनी सांगितलं: ही कुळं नव्हेत, रोजावर येणारे गडी. आमच्याकडे पावत्या नव्हत्या, कारण पावती कधी दिलीच जायची नाही. तेव्हा थोरल्या आजोबांनी पेटीतून वही काढली. खोताच्या घरची वही, खोताच्या मुलीचं अक्षर, आमच्या पणजोबांचं नाव आणि सालोसाल घेतलेलं अर्धेल. दावा तिथेच संपला. आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, वीस ते दोनशे पट अशा हिशोबानं किंमत ठरायची, ती त्यांनी गिरणीच्या पगारातून हप्त्यानं फेडली. इथपर्यंत माझी मान ताठ आहे. ही जमीन आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या कसली. ती आमचीच होती.

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. कारकून वाचत होता, कचेरी गावच्या माणसांनी भरलेली होती. वहीतली कुठलीही चार पानं पुरावा म्हणून पुरली असती. त्यांनी त्याच्यापुढे ते पान उघडून ठेवलं आणि सगळं वाचा म्हणाले, समासासकट. खोताची मान खाली जावी म्हणून. ती गेली. आणि ती ओळ घाट चढून तिच्या सासरपर्यंतही गेली. वर्ष सरायच्या आत तिला माहेरी आणून सोडलं, ती कायमची.

माझी आजी, म्हणजे थोरल्या आजोबांची भावजय, मरेपर्यंत एकच म्हणायची: “जमीन आमचीच होती गो. पण त्या चेडवाक कित्याक मदी ओढल्यान?” त्या मुलीला कशाला मध्ये ओढलं? घरात याला कुणी उत्तर दिलं नाही. मला वाटतं उत्तर असं आहे की उडवी जाळणारा हात त्यांना सापडला नाही, आणि ज्या माणसानं त्यांच्यावर विश्वास टाकला होता तेच हाताशी होतं.

पुढची चाळीस वर्षं दोघं शेजारी राहिले. खोतांच्या घराकडे जाणारी पाणंद, शेतांमधली वाट, आता आमच्या सर्व्हे नंबरातून जात होती. थोरल्या आजोबांनी तिथे दगडांचा गडगा घातला. त्या घराला वहाळातून, म्हणजे ओढ्यातून, ये-जा करावी लागे, आणि पावसात वहाळ भरला की तीही बंद. त्यांनी लग्न केलं, मुलं झाली, गणपतीला गाव जेवू घातलं. गडग्यापलीकडे त्यांनी कधी पाहिलेलं मला आठवत नाही. आक्का मात्र आम्हा पोरांना गडग्यावरून हाका मारायची आणि कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, सुकवलेली आमसुलं द्यायची. कुणाच्या घरची पोरं ते तिला पुरतं माहीत होतं. ती श्रावणात गेली. तिची तिरडी वहाळातून नेली, माणसं छातीभर पाण्यात. थोरले आजोबा ओटीवर बसून होते. मी तेव्हा शाळेत होते आणि मला त्यांचा तो दिवस अजून माफ करता आलेला नाही, जरी माझ्यावर त्यांच्याइतकी माया कुणीच केली नाही.

आज खोतांच्या नातवाचा फोन आला. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेत, घरापर्यंत गाडी येत नाही. महसूल संहितेच्या कलम 143 खाली तो तहसीलदाराकडे रस्ता मागू शकतो, आणि ते त्याला ठाऊक आहे. तरी म्हणाला, “ताई, कागद करण्याआधी तुम्हाला विचारतो.” मी लगेच हो म्हटलं. भाऊ डोंबिवलीहून खवळला. म्हणे आजोबांनी रक्ताचं पाणी केलं ते यासाठी का. मी त्याला सांगितलं की जमिनीसाठी केलं, गडग्यासाठी नाही. त्यानं फोन ठेवला.

बाबांच्या मागे सातबाऱ्यावर माझंही नाव लागलंय आणि मी हक्कसोड केलेली नाही. भावानं सही दिली तर जुनी पाणंदच मोकळी करायची. नाही दिली तर उद्या तलाठ्याकडे जाऊन विचारायचं, माझ्या वाटणीतून वाट काढून ती इतर हक्कांत नोंदवता येईल का. माझी बाजू वहाळाकडची, थोडा वळसा पडेल, मोरी टाकावी लागेल. पण अँब्युलन्स जाईल एवढी रुंदी तिथे आहे. संध्याकाळी दोरी लावून मोजली.