पिवळा दिवा, पुन्हा

आज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये डॅशबोर्डवर परत डीपीएफचा दिवा लागला. २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा हा फिल्टर. ती जाळायला आत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. शाळा, ऑफिस, भाजी एवढ्या फिरण्यात ती कुठून येणार? सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "सर, हायवेला एक राउंड मारून या." म्हणजे काजळी जाळण्यासाठी आणखी डिझेल जाळा! घेताना हे एका शब्दाने कोणी सांगितलं नव्हतं.

त्यात एसी कमी करायचा तरी टचस्क्रीनवर बोटं नाचवा. खड्डा आला की हीटर चालू. (साधा गोल नॉब काय वाईट होता?)

तर उद्या सकाळी साताऱ्याकडे. बायकोने कंदी पेढ्यांची यादी आत्ताच दिलीय.