आजींचं माहेर, आजींचं सासर आणि एकच जागा

२० जुलै २०२५, रविवार. सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना मी मात्सुएतल्या आमच्या वस्तीच्या कोमिनकानबाहेर उभा होतो. कोमिनकान म्हणजे आपल्याकडचं समाजमंदिर समजा. शेजारच्या आजींना मतदानाला सोडायला आलो होतो. मी परदेशी, मला मत नाही, आतही जाता येत नाही. पण आजींना पहिला नंबर लावायचा होता. इथे केंद्रावर पहिला येणाऱ्या मतदाराला पेटी उघडून दाखवतात, ती रिकामी असल्याची त्याच्या डोळ्यांदेखत खात्री करतात आणि मगच कुलूप लावतात. आजींनी हे आयुष्यात तीनदा पाहिलंय, आणि तिन्ही वेळचं त्या अजून सांगतात.

मी मूळचा कुडाळचा. रूबी नावाची संगणकभाषा बनवणारे गृहस्थ मात्सुएत राहतात, म्हणून या छोट्या शहरात सॉफ्टवेअरची कामं आली आणि त्या कामापायी मी आलो. मात्सुए ही शिमाने प्रांताची राजधानी. शेजारचा प्रांत तोत्तोरी. आजींचं सासर इथलं, माहेर तोत्तोरीतल्या योनागोचं, गाडीने पाऊण तासाच्या आत. दोन्ही नावांमधला फरक त्यांनी मला वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने काढून दाखवला होता. तोत्तोरीचं पहिलं अक्षर ‘पक्षी’. त्या पक्ष्याच्या पायाखालचे चार ठिपके काढून तिथे ‘डोंगर’ बसवला की होतं ‘बेट’, आणि तेच शिमानेचं पहिलं अक्षर. बाकीच्या जपानला हे दोन प्रांत एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. शिमाने तोत्तोरीच्या डावीकडे आहे, असं छापलेले टी-शर्टही इथे मिळतात.

तर या दोन प्रांतांना मिळून २०१६ पासून जपानच्या वरिष्ठ सभागृहाचा एकच मतदारसंघ आहे.

आपल्या राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात. इथल्या सांगीइनमध्ये थेट जनताच मत देते, सहा वर्षांची मुदत, आणि दर तीन वर्षांनी अर्ध्या जागांची निवडणूक. १९४७ ला पहिली निवडणूक झाली तेव्हा लहानातल्या लहान प्रांतालाही दोन जागा दिल्या, म्हणजे दर खेपेला एक. मग माणसं शहरांकडे निघाली, जागा मात्र गावाकडेच राहिल्या. १९६२ च्या निवडणुकीनंतरच एका तरुणाने न्यायालयात दाद मागितली की तोत्तोरीतल्या मताचं वजन टोकियोतल्या मताच्या चौपट आहे. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं फेटाळलं, पण दावे थांबले नाहीत. २०१० मध्ये तोत्तोरीतलं एक मत टोकियोशेजारच्या कानागावातल्या पाच मतांइतकं भरत होतं. २०१२ मध्ये न्यायालय म्हणालं, ही स्थिती संविधानाला धरून नाही, आणि प्रांत हाच मतदारसंघ असला पाहिजे असं संविधानात कुठेही लिहिलेलं नाही. २०१४ मध्ये पुन्हा तेच बजावलं. अखेर २०१५ च्या जुलैत कायदा झाला: तोत्तोरी आणि शिमाने एक, शिकोकू बेटावरचे तोकुशिमा आणि कोची एक. तफावत ३.०८ पटीवर आली.

माझ्या मते न्यायालय बरोबर होतं. माणसाच्या मताची किंमत तो कुठे झोपतो यावरून पाचपट वर-खाली होऊ नये. तरीही आजींच्या भावाने योनागोत मला जे ऐकवलं ते मी विसरू शकत नाही. ‘आम्हाला एकदा असंच शिमानेत घातलं होतं,’ ते म्हणाले. १८७६ ची गोष्ट होती ती. सरकारने तोत्तोरी प्रांत मोडून शिमानेला जोडला आणि पाच वर्षांनी, १२ सप्टेंबर १८८१ ला, तो परत वेगळा झाला. तो दिवस तोत्तोरीत अजून प्रांतदिन म्हणून पाळतात. दीडशे वर्षांपूर्वीचा घाव ते कालचा असल्यासारखा सांगत होते.

मला ते पटकन समजलं, कारण आमच्याकडे हे झालंय. नाथ पै आणि मधू दंडवते ज्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले, तो २००८ च्या पुनर्रचनेत नकाशावरून गेला. २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच मतदारसंघ. कोकणातली माणसं मुंबई-ठाण्याला गेली आणि जागा त्यांच्या मागोमाग गेल्या. माझ्या वडिलांना ते कधी रुचलं नाही, आणि आकडे दाखवून त्यांची समजूत घालणं मला कधी जमलं नाही.

शिमाने म्हणजे ‘पुराणमतवाद्यांचं राज्य’ असं इथे सर्रास म्हणतात. पंतप्रधान ताकेशिता नोबोरू इथले. त्यांचे सचिव राहिलेले आओकी मिकिओ १९८६ मध्ये सांगीइनवर गेले आणि पुढे त्या सभागृहात त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. रस्ते, बोगदे, धरणं या माणसांनी आणली, असं आजी अभिमानाने सांगतात, आणि डोंगरातल्या एखाद्या वाडीपर्यंत गेलेला गुळगुळीत रस्ता पाहिला की ते खोटं वाटत नाही. पण लोक आंधळे नव्हते. १ एप्रिल १९८९ ला ताकेशितांच्याच सरकारने तीन टक्क्यांचा उपभोग कर लागू केला, त्यात रिक्रूट कंपनीने पुढाऱ्यांना शेअर वाटल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि जूनमध्ये त्यांना जावं लागलं. जुलैच्या निवडणुकीत शिमानेने समाजवादी पक्षाचा माणूस निवडला. तोत्तोरीनेही. स्वतःच्या गावच्या पंतप्रधानाला गावानेच दिलेलं ते उत्तर होतं.

दुसरा धक्का २००७ चा. टपाल खात्याच्या खासगीकरणाला विरोध करून सत्तेतला उदारमतवादी लोकशाही पक्ष सोडलेले कामेई हिसाओकी हे त्सुवानोच्या जुन्या संस्थानिक घराण्यातले. त्यांची मुलगी आकिको सांगीइनला उभी राहिली आणि आओकींच्या घरच्या अंगणात सत्ताधारी पक्षाचा पराभव करून निवडून आली. डोंगरातल्या गावात टपाल कार्यालय हेच बँक असतं, हेच म्हाताऱ्यांची विचारपूस करणारं घर असतं. ते बंद पडेल ही भीती मतपेटीत उतरली. तोत्तोरीची जागाही त्या वर्षी विरोधकांकडे गेली. २०१० मध्ये ऐन निवडणुकीच्या तोंडावर आओकी आजारी पडले, मुलगा काझुहिको उभा राहिला आणि जागा घरात राहिली.

या सगळ्या लढती एका प्रांतातल्या, ओळखीच्या माणसांमधल्या होत्या. जोडणी झाल्यावर चित्र पालटलं. तोत्तोरीच्या पूर्व टोकापासून शिमानेच्या पश्चिम टोकाजवळच्या त्सुवानोपर्यंत ३०० किलोमीटरच्या वर अंतर, त्यात समुद्रातली ओकी बेटं वेगळी. सतरा दिवसांचा प्रचार. पांढरे हातमोजे घातलेला उमेदवार गाडीच्या खिडकीतून हात हलवतो, ध्वनिक्षेपकावर नाव घुमतं आणि गाडी पुढे निघून जाते. २०१६ मध्ये जिंकले शिमानेचे आओकी काझुहिको. त्या खेपेला तोत्तोरीचा म्हणून कुणीच निवडून आला नाही. आजींचे भाऊ तेव्हापासून मतदानाला गेलेले नाहीत.

मग सत्ताधारी पक्षाने तोडगा काढला. २०१८ च्या कायद्याने प्रमाणशीर यादीत, म्हणजे देशभरातल्या मतांच्या प्रमाणात पक्षाला मिळणाऱ्या जागांच्या यादीत, ‘विशेष चौकट’ आली: तिच्यातली नावं पक्षाने लावलेल्या क्रमाने आधी निवडून येतात, मतदाराने कुणाचंही नाव लिहिलं तरी. दोन प्रांतांपैकी ज्याला मतदारसंघ मिळत नाही, त्याचा माणूस या चौकटीत. २०१९ मध्ये मतदारसंघ तोत्तोरीच्या माइताची शोजींना आणि चौकट शिमानेच्या मिउरा यासुशींना. चौकटीतल्या उमेदवाराला स्वतःच्या नावाने प्रचार करता येत नाही, ना गाडी, ना पोस्टर. म्हणजे जो आपला प्रतिनिधी होणार, तो गावात मत मागायलाच येत नाही. आमच्याकडे उमेदवार दारात आला नाही तर म्हातारी माणसं वर्षभर बोलून दाखवतात, त्यामुळे मला हे फार लागतं. त्याच २०१९ मध्ये तोत्तोरीतलं मतदान पहिल्यांदा पन्नास टक्क्यांच्या खाली गेलं.

ही जोडणी मोडावी, असा ठराव देशभरच्या राज्यपालांची परिषद पुन्हा पुन्हा करते. सत्ताधारी पक्षाने २०१८ मध्ये ठरवलेल्या संविधान-दुरुस्तीच्या चार मुद्द्यांतही हा एक मुद्दा आहे. माझं म्हणणं साधं आहे: जोडायचंच असेल तर सगळा देश मोठ्या विभागांत जोडा, चारच प्रांत वेचून काढू नका. ओझं सगळ्यांनी वाटून घेतलं तर कुणाला आपल्यालाच पुसलं असं वाटणार नाही.

आजी साडेसातला बाहेर आल्या. पहिला नंबर हुकला होता, त्यांच्या आधी एक शाळामास्तर येऊन उभे होते. पण त्या खूश होत्या. इथे बटण नाही, शिक्का नाही. उमेदवाराचं नाव पेन्सिलीने स्वतःच्या हाताने लिहायचं. तो कागदही खास असतो, प्लास्टिकच्या जातीचा. घडी घालून पेटीत टाकला की आत आपोआप उलगडतो, म्हणजे रात्री मोजणाऱ्यांचा घड्या उघडायचा वेळ वाचतो. ‘आता पडल्या पडल्या उघडला असेल,’ आजी सायकलच्या मागच्या टोपलीत पिशवी ठेवत म्हणाल्या. कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

रात्री निकाल आला. शिमानेच्या प्रांतिक सभेतल्या एक बाई निवडून आल्या. माइताची या वेळी चौकटीत होते. आजींनी भावाला फोन लावला. तो याही वेळी गेला नव्हता. ‘तुझ्या बाजूचं झालं ना, मग बस,’ असं म्हणाला, आणि मग दोघं बराच वेळ ओबोनबद्दल बोलत राहिली. ओबोन म्हणजे ऑगस्टात पितरांना घरी बोलवायचा सण. गणपतीला चाकरमानी येतात तशी तेव्हा गावं भरतात. भावाचे दोन मुलगे, सुना आणि चार नातवंडं ओसाकाहून येणार होती, अंथरुणं कमी पडतील म्हणून आजींनी इथून दोन फुतोन पाठवायचे ठरले. ओसाकात वरिष्ठ सभागृहाच्या दर खेपेला चार जागा असतात. मुलांनी सकाळीच तिकडे मतदान उरकलं होतं.